मतदार यादीतली पणजी

कुळाचा इतिहास लिहायला कागद लागतो, आणि आपल्याकडे कागद साठत गेला तो वतन, जमीन किंवा विद्या असलेल्यांच्या घरी. पाटील-देशमुखांच्या सनदा, कोकणातल्या घराण्यांचे छापील कुळवृत्तांत, त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या, सातबारे आणि फेरफार यांच्या आधारे एखादे घराणे सहज सहा-सात पिढ्या मागे जाऊ शकते. वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात, पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेसाठी जमणाऱ्या लाखो बंजारा भाविकांपैकी बहुतेकांच्या घरी यातले काहीच नसते. संत सेवालाल महाराजांच्या समाधीपुढे माथा टेकायला तेलंगण, कर्नाटक, आंध्र, मध्य प्रदेशातून माणसे येतात. राठोड, पवार, चव्हाण, जाधव ही कुळे आणि त्यांखालची गोत्रे त्यांना तोंडपाठ असतात, सोयरीक जुळवताना ती काटेकोरपणे पाहिली जातात. पण आजोबांच्या वडिलांचे नाव काय, ते कोणत्या तांड्यात राहत, त्यांना भाऊ किती होते, हे लेखी कुठे आहे असे विचारले की बोलणे थांबते. याचे उत्तर बऱ्याच अंशी एका दुर्लक्षित सरकारी कागदात आहे, तो म्हणजे जुनी मतदार यादी. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही निवडणुकांच्या याद्या जपून, वाचता येतील अशा करून, कुटुंबांना आणि अभ्यासकांना खुल्या केल्या पाहिजेत. या मागणीवर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत, पण त्यांना उत्तरे आहेत.

या यादीचे मोल कळायला तिच्याआधीच्या याद्या आठवाव्यात. १९१९ च्या कायद्याने मताधिकार मूठभरांना मिळाला. १९३५ च्या कायद्याने तो वाढला, तरी लोकसंख्येत दहापैकी एकाच्या आसपासच राहिला. सारा भरणारा, कर देणारा, ठरावीक शिक्षण असलेला माणूस त्यात बसे. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेसाठी १९३७ मध्ये मतदान झाले, तेव्हा तांड्यातला भूमिहीन माणूस यादीत येण्याचा प्रश्न जवळजवळ नव्हताच. म्हणजे तोवरच्या मतदार याद्याही सनदा-सातबाऱ्यांच्याच जातकुळीच्या, ज्यांचा इतिहास आधीच लिहिलेला होता त्यांनाच पुन्हा एकदा लिहिणाऱ्या. १९४७ च्या अखेरीपासून प्रौढ मताधिकाराच्या धर्तीवर याद्या करण्याची जी तयारी सुरू झाली, तिने हे चित्र उलटे केले. राज्यघटना लागू होण्याच्याही आधी हे काम हाती घेतले गेले होते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत देशात सुमारे १७ कोटी ३० लाख मतदारांची नावे लिहून झाली, आणि त्यांतल्या बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती. राज्यघटनेच्या ३२५ व्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात किंवा लिंग या कारणाने कोणालाही यादीबाहेर ठेवता येणार नाही असे ठरवले. तांड्यातला २१ वर्षांवरचा प्रत्येक पुरुष आणि प्रत्येक बाई, निदान तत्त्वतः, आपापल्या नावाने सरकारी कागदावर आली ती इथे.

जनगणना तर त्याहून जुनी आहे, मग तिच्यात शोध का घेऊ नये? कारण भारतात जनगणनेचे घराघराचे तक्ते कुणाला पाहता येत नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्याचे १५ वे कलम ते तपासणीसाठी बंद ठेवते आणि पुरावा म्हणूनही नाकारते. ब्रिटनमध्ये हे तक्ते १०० वर्षांनी, अमेरिकेत ७२ वर्षांनी खुले होतात, आणि तिथला वंशशोधाचा सारा छंद त्यांवर उभा आहे. आपल्याकडे जनगणनेतून समाजाचा आकडा मिळतो, माणूस मिळत नाही. गॅझेटिअरचेही तसेच. आरक्षणाच्या वादात सध्या हैदराबाद गॅझेटिअरचे नाव रोज घेतले जाते, पण कोणत्या भागात कोणता समाज किती होता हे सांगणारा तो ग्रंथ आहे. आपल्या पणजोबांचा पत्ता त्यात शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. गाव, घर, नाव आणि बापाचे किंवा नवऱ्याचे नाव एका ओळीत देणारी, सर्व थरांना सारखी लागू असलेली जुनी नोंद म्हणून मतदार यादीच उरते.

बंजारा समाजाच्या बाबतीत या ओळीला आणखी एक धार आहे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून नेणाऱ्या या समाजाचा धंदा रस्ते आणि रेल्वे आल्यावर एकोणिसाव्या शतकात बुडाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या कक्षेत काही भागांत बंजाऱ्यांचे काही गटही आले. त्या काळात अशा माणसाचे नाव सरकारी दप्तरात लागे ते संशयित म्हणून, पोलिसांच्या हजेरीसाठी. मद्रास आणि मुंबई प्रांतांनी आपापल्या हद्दीत हा कायदा आधीच काढून टाकला होता, पण देशभरातून तो गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान आटोपल्यावर सहा महिन्यांनी. काही ठिकाणी माणूस मतदार आधी झाला आणि ‘विमुक्त’ नंतर. हा क्रम पाहिला की ती साधी, पिवळी पडलेली यादी वेगळी दिसू लागते. अर्थात तीही सर्वांपर्यंत पोचली असे समजण्याचे कारण नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात सुरुवातीला किमान १८० दिवसांच्या रहिवासाची अट होती. कामासाठी वर्षातला मोठा काळ बाहेर काढणाऱ्या कुटुंबाला ती अट सहज बाहेर ठेवू शकत होती. त्यामुळे यादीत नाव नाही याचा अर्थ ते कुटुंब त्या गावचे नव्हते, असा कधीच काढू नये.

आता शोध घ्यायचा कसा? पोहरादेवीच्या परिसरात पहिली अडचण येते ती राज्याची. १९५२ च्या निवडणुकीत हा मुलूख मध्य प्रदेश राज्यात होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. गहुलीचे वसंतराव नाईक पुसदमधून पहिल्यांदा निवडून गेले ते त्याच मध्य प्रदेशच्या विधानसभेत. १९५७ ची निवडणूक द्विभाषिक मुंबई राज्यात झाली आणि १९६२ ची महाराष्ट्रात. गाव जागचे हलले नाही, पण दहा वर्षांत तीन राज्यांनी त्याच्या याद्या केल्या. जिल्हाही बदलला. वाशीम १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळे निघाले, त्यामुळे जुनी यादी वाशीमच्या नावाखाली शोधणारा रिकाम्या हाताने परततो. मतदारसंघांच्या सीमा तर पुनर्रचनेगणिक सरकत आल्या. आज मानोरा तालुका कारंजा विधानसभा आणि यवतमाळ-वाशीम लोकसभा मतदारसंघात आहे, पण १९५२ चा माग काढताना या नावांचा काही उपयोग नाही. म्हणून आधी निवडणुकीचे वर्ष, मग त्या वर्षीचे राज्य, मग जिल्हा आणि मतदारसंघ, आणि शेवटी महसुली गाव, असे उतरत यावे लागते. तांड्याचे नाव यादीच्या मथळ्यावर असेलच असे नाही. तो ज्या गावाच्या शिवारात असेल त्या गावाखाली त्याची घरे सापडतात, बहुधा यादीच्या शेवटी.

यादी हाती आल्यावर एकटे नाव वाचून चालत नाही, वरखालच्या ओळी वाचाव्या लागतात. एकाच घरक्रमांकाखाली आलेली नावे म्हणजे बहुधा एक चूल किंवा वेगळ्या चुली मांडलेले सख्खे भाऊ. तांड्यात हा क्रमांक अनेकदा यादी करणाऱ्यानेच टाकलेला असतो, तरी घरांचा क्रम शेजार सांगतो, आणि तांड्यात शेजार म्हणजे भाऊबंद. चार पुरुषांच्या पुढे बापाचे एकच नाव असेल तर चार भाऊ सापडले. त्यांच्या बायका खालोखाल येतात. १९५२, १९५७, १९६२ आणि १९६७ या चार याद्या शेजारी ठेवल्या की घर वाढताना दिसते. एकविशी ओलांडलेला मुलगा नव्या यादीत उगवतो, म्हातारा नाहीसा होतो, एखादे अख्खे घर गळते. गळाले म्हणजे गेले कुठे, हा प्रश्न मग पुढच्या कागदाकडे नेतो. मृत्यू असेल तर कोतवाल बुकात किंवा गाव नमुना १४ मध्ये, स्थलांतर असेल तर शेजारच्या तालुक्याच्या यादीत, मुले शिकली असतील तर शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात. वंशशोधाचे खरे काम कागदांना एकमेकांची साक्ष काढायला लावण्यात आहे, आणि त्यासाठी आधी गाव आणि बापाचे नाव पक्के लागते. ते मतदार यादी देते.

या यादीने सर्वांत मोठा न्याय दिला तो बायकांना, आणि तोही अर्धाच. सातबाऱ्यावर, वतनाच्या कागदावर, कुळवृत्तांतातही बाई बहुधा नसतेच, किंवा कुणाची तरी बायको म्हणून उरते. पहिल्या याद्या होत असताना उत्तरेकडच्या अनेक राज्यांत असंख्य बायकांनी स्वतःचे नाव सांगायला नकार दिला, ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढेच लिहून दिले. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत, आणि सुमारे २८ लाख बायका यादीबाहेर राहिल्या. हा निर्णय कठोर होता, त्या बायकांचे मत गेले. पण मतदाराला स्वतःचे नाव असलेच पाहिजे हा आग्रह तेव्हा सुटला असता, तर आज पणजीचे नाव शोधणाऱ्याच्या हाती तिच्या नवऱ्याचेच नाव दुसऱ्यांदा पडले असते. अर्धा न्याय अशासाठी की, मताधिकाराचे वय १९८९ पर्यंत २१ होते आणि मुलींची लग्ने त्याच्या कितीतरी आधी होत. मुलगी यादीत येईपर्यंत सासरी गेलेली असे. तिथे तिच्यापुढे नवऱ्याचे नाव लागे, आणि माहेरच्या यादीत ती कधी आलेलीच नसे. त्यामुळे मतदार याद्यांवरून बांधलेला वंशवृक्ष बापाकडून मुलाकडे सरळ चालतो आणि आईच्या माहेराशी येऊन अडतो. हा दोष यादीतून दुरुस्त होणार नाही. त्यासाठी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, लग्नातल्या देवाणघेवाणीच्या आठवणींना आणि बंजाऱ्यांची कुळे गाऊन सांगणाऱ्या ढाडींनाच विचारावे लागेल.

‘आमची वंशावळ ढाडींच्या तोंडी आहे, सरकारी यादीची गरज काय’, असे कुणी म्हणेल. तोंडी परंपरा कुळाचा उगम, पराक्रम, गोत्रांची फाटाफूट शतकानुशतके धरून ठेवते. तिचा भर नामवंतांवर असतो, साध्या माणसाची तिथे गर्दीत गणती होते. यादीला पराक्रम कळत नाही, तिला सगळे सारखे. दोन्हींची गाठ नेमकी पणजोबा-खापरपणजोबांच्या पिढीत पडते, आणि ती पिढी आठवणारी शेवटची माणसे आता थोडी उरली आहेत. याद्या खुल्या करण्याची घाई आहे ती यासाठी. यादीतले नाव पाहून ‘हा आमचा थोरला चुलता’ असे सांगणारे कुणी उरले नाही, तर यादी पूर्ण असूनही मुकी राहील.

दुसरा आक्षेप चुकांचा, आणि तो खरा आहे. वऱ्हाडातल्या पटवाऱ्याने बंजाऱ्यांच्या गोरबोलीतली नावे ऐकली तशी मराठीत लिहिली, कधी शेवटी ‘सिंग’ जोडले, कधी गाळले. आडनाव एका यादीत राठोड, दुसरीत ‘नाईक’, तिसरीत नुसतेच ‘बंजारा’ असू शकते. वये अंदाजाने सांगितलेली, पाच-दहाच्या पटीत अडकलेली. पाच वर्षांनी केलेल्या यादीत एखादा माणूस दोन वर्षांनी तरुणही झालेला दिसेल. मेलेल्यांची नावे राहतात, जिवंतांची सुटतात. पण जुन्या कागदांपैकी चुकांशिवाय कोणता आहे? फेरफारात चुका आहेत, शाळेच्या दाखल्यावरच्या जन्मतारखांबद्दल तर न बोललेले बरे. मतदार यादीची जमेची बाजू ही की ती पुन्हा पुन्हा होते. एकाच कुटुंबाच्या चार नोंदी मिळतात आणि एकीची चूक दुसरी उघडी पाडते. जन्मतारीख ठरवायला ही यादी वापरू नये, नाते आणि ठिकाण ठरवायला वापरावी.

तिसरा आक्षेप जातप्रमाणपत्रांच्या बाजाराचा आहे. महाराष्ट्रात विमुक्त जातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही मानीव तारीख आहे. त्याआधी कुटुंब राज्यात राहत होते हे दाखवावे लागते. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि तेलंगणात अनुसूचित जमातींत मोडतो. त्यामुळे सीमेपलीकडच्या भाऊबंदांशी नाते दाखवणाऱ्या कागदाला एकाएकी किंमत येते. कुणबी नोंदींसाठी २०२३ पासून शिंदे समितीच्या देखरेखीखाली राज्यभर जुनी दप्तरे उपसली गेली, तेव्हा कागदाची भूक किती तीव्र आहे हे सर्वांनी पाहिले. याद्या खुल्या झाल्या की बनावट नोंदी, जुळवलेली नाती यांचे पेव फुटेल, अशी भीती रास्त वाटते. मात्र दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. मतदार यादीत जातीचा रकाना नाही. ती रहिवास आणि बापाचे नाव सांगू शकते, जात सांगू शकत नाही, आणि नुसत्या आडनावावरून जात सिद्ध होत नाही हे पडताळणी समित्यांना चांगले ठाऊक आहे. दुसरे, बनावटगिरी फोफावते ती कागद दुर्मीळ आणि कुलपात असतो तेव्हा. कुलपाची किल्ली ज्याच्याकडे, त्याचा भाव ठरतो. अधिकृत प्रत सर्वांना दिसत असेल तर घुसडलेले नाव पकडायला गावातला कुणीही पुरेसा आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप आसाममधून येतो. तिथे १९५१ ची नागरिक नोंदवही आणि २४ मार्च १९७१ पर्यंतच्या मतदार याद्या संगणकावर आणल्या गेल्या त्या वंशशोधाच्या हौसेसाठी नव्हे. प्रत्येकाने त्या यादीतल्या पूर्वजाशी आपले नाते सिद्ध करावे, वंशावळ भरून द्यावी, असा तो व्यवहार होता. ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीतून १९ लाखांहून अधिक माणसे वगळली गेली. लवकर लग्न झालेल्या बायकांचा बापाशी दुवा लागत नाही, हा वर सांगितलेला दोष तिथे वंशवृक्षातली रिकामी जागा राहिला नाही, त्याने नागरिकत्वावर प्रश्न उभा केला. २०२५ मध्ये बिहारपासून सुरू झालेल्या मतदार याद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणातही आपले किंवा आई-वडिलांचे नाव २००३ च्या यादीत शोधायची वेळ लोकांवर आली, पुढच्या टप्प्यात गोव्यापर्यंत त्या-त्या राज्याच्या जुन्या यादीबाबत तेच झाले. मग जुन्या याद्या आणखी सुलभ करून आपण दुबळ्यांच्याच विरुद्ध हत्यार पाजळत नाही का?

या प्रश्नाला ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण आसामचा अनुभव नीट पाहिला तर यादी उघडी असण्याने कुणाचे नुकसान झाले असे दिसत नाही. नुकसान झाले ते ‘सिद्ध करण्याचा भार नागरिकावर’ या नियमाने आणि त्रुटी असलेल्या यादीला अंतिम साक्षीदार मानण्याने. शासनाकडे तर याद्या होत्याच. त्या कुटुंबाकडे नसतात, तेव्हा भरपाई कुटुंबच करते, कचेरीच्या फेऱ्यांनी आणि दलालाच्या पैशांनी. ऊसतोडीला किंवा बांधकामावर गेलेल्या माणसाला नोटीस आल्यावर जुन्या यादीचा शोध सुरू करण्यापेक्षा, आपल्या कुटुंबाच्या नोंदी आधीपासून माहीत असणे त्याच्या बाजूचे आहे. खासगीपणाची चिंता मात्र चालू याद्यांपुरती योग्य आहे. नावे एका क्षणात शोधता येतील अशा स्वरूपात आजच्या याद्या देण्यास निवडणूक आयोग तयार नाही, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही आयोगाची बाजू उचलून धरली. ते ठीकच आहे. पण १९५२ च्या यादीतला सर्वांत तरुण मतदार आज नव्वदी ओलांडलेला असणार, १९६२ च्या यादीतला ऐंशी. ब्रिटनमध्ये दहा वर्षांपेक्षा जुनी मतदार नोंदवही ग्रंथालयात अभ्यासाला मिळते. आपण एवढी घाई न करता १९६७ पर्यंतच्या याद्या पूर्ण खुल्या कराव्यात आणि नंतरच्या त्या-त्या गावाच्या नोंदी हव्या असणाऱ्याला जागेवर पाहू द्याव्यात.

यासाठी नवा कायदा लागत नाही. मतदार नोंदणी नियम, १९६० मधला ३२ वा नियम प्रत्येक मतदारसंघाच्या यादीची एक साक्षांकित प्रत कायम नोंद म्हणून जपायला सांगतो, आणि ३३ वा नियम जतन केलेली कागदपत्रे पाहण्याचा व शुल्क भरून नक्कल घेण्याचा हक्क देतो. या नियमांआधीच्या दोन निवडणुकांच्या याद्यांनाही हाच न्याय लावायला हवा. राज्याचे मुख्य निवडणूक अधिकारी, पुराभिलेख संचालनालय आणि अकोला, वाशीम, यवतमाळची जिल्हाधिकारी कार्यालये यांनी मिळून पहिल्या चार निवडणुकांच्या ज्या प्रती शिल्लक आहेत त्यांची गावनिहाय सूची आधी प्रसिद्ध करावी. छायाचित्रण त्यानंतर. पाऊस, वाळवी आणि ‘जुने रेकॉर्ड निर्लेखन’ यांच्यापुढे या कागदांना फार वेळ नाही. १९५२ च्या याद्यांसाठी मध्य प्रदेशाशी पत्रव्यवहार करावा लागला, तर तो शासनाने करावा, प्रत्येक कुटुंबाने वेगवेगळा नव्हे.

आणि पोहरादेवीत यासाठी जागा तयारच आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेले, नंगारा या वाद्याच्या आकाराचे बंजारा विरासत संग्रहालय समाजाचा भव्य इतिहास मांडते, तांड्यांचे, संतांचे, बैलांवरून माल वाहण्याच्या लदेणीचे. त्यात एक खोली साध्या माणसांच्या नावांसाठी ठेवता येईल. मानोरा, दिग्रस, पुसद, दारव्हा, मंगरूळपीर या तालुक्यांच्या जुन्या याद्यांच्या प्रती, त्या वाचून दाखवणारा एखादा गोरबोली जाणणारा तरुण, आणि यात्रेकरूने सांगितलेले नाते टिपून घेण्यासाठी एक वही. रामनवमीला निजामाबाद किंवा कलबुर्गीहून आलेल्या म्हातारीला त्या खोलीत बसवून तिच्या माहेरचा तांडा विचारला, तर मतदार यादीने जो दुवा कधीच लिहिला नाही तो तिथल्या तिथे लिहून घेता येईल.